बोलावणं गेलंच नव्हतं

आमच्या व्याह्यांइतका अस्वस्थ माणूस जानेफळात दुसरा झाला नाही, आणि अस्वस्थतेचं कारण ऐकाल तर हसाल. कारण म्हणजे विलायतेतले राजे. तालुक्याच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर इंग्रजी शोकांतिका शिकवल्या. कुणी राजा गोड बोलणाऱ्या लेकींना राज्य देऊन बसतो, कुणी सेनापती कानाशी लागलेल्याचं ऐकून बायकोवर संशय घेतो. या कधीच्या मेलेल्या मंडळींसाठी आमचे व्याही ओसरीवर येरझारा घालत आणि पुटपुटत, "एक शब्द बोलला असता त वाचला असता." चहासुद्धा त्यांनी कधी बसून प्यायला नाही.

बैल घेताना आपण खोड विचारतो. मारका आहे का, औताला जुंपला की खाली बसतो का. व्याही म्हणत, थोर माणसातही अशी एकच खोड असते आणि तिच्यापायी सगळं बुडतं. हा सिद्धांत ते गावालाही लावत. बाजारातल्या टेलरभाईंची खोड चालढकल. कापड हाती घेऊन ते नुसता विचार करत राहतात आणि नवरदेव जुन्याच शर्टावर बोहल्यावर चढतो.

"सर, आपल्या नाटकात मरते कोन?" टेलरभाई विचारत.

"नवरदेव," व्याही गंभीरपणे सांगत.

एकदा बांधावरून दोन भाऊ हातघाईवर आले, तर हे मधे घुसून ओरडले की चौथाच अंक चालू आहे, माणसं पाचव्यात मरतात, अजून वेळ गेलेली नाही. भावांना ते पोलिसांचं कलम वाटलं असावं. दोघं मुकाट्यानं घरी गेले.

मग माझी पाळी आली. माझ्या नव्या घराच्या वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी टपरीवर चारचौघांत ते म्हणाले, "आमच्या इवायाची खोड सांगू? मरतीन, पन 'चुकलो' म्हननार नाहीत." सगळे हसले. मीही हसलो, पण आतून पेटलो.

आमच्याकडे सकाळी आवतन जातं, पण तेवढ्यावर कुणी जेवायला येत नाही. पानं मांडली की घरचं माणूस पुन्हा दारी जाऊन "चला" म्हणतं. व्याह्यांच्या दारी तर यजमानानं स्वतः जायचं. मी गेलो नाही आणि कुणाला जाऊही दिलं नाही. ते धुतलेलं धोतर नेसून ओसरीवर फेऱ्या मारत राहिले. त्यांच्या घरी दिलेली माझी लेक पंगतीत वाढत होती आणि सारखी दाराकडे पाहत होती. पाहुण्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, बोलावणं गेलं होतं, रुसले असतील.

गावाला ते लगेच पटलं. प्रोफेसर आधीच विक्षिप्त, त्यात नाक मोठं. लोक त्यांना टपरीवर चिडवू लागले. त्यांनी कधी "बोलावणं आलंच नाही" असं म्हटलं नाही. लेक सणावारी यायची, उभ्या उभ्या बोलायची आणि निघायची. जिथे सासऱ्यांचं पान नाही तिथे ती जेवत नव्हती. एकदा फाटकाशी थांबून म्हणाली, "बाबा, ते तुम्हाले एका शब्दानं बोलत नाहीत. बोलले असते त तुमच्या बाजूनं मी भांडली तरी असती."

त्यानंतर मलाही घरात एका जागी बसवेना. असं काही वर्षं चाललं. शेवटी गेल्या महिन्यात त्यांच्या ओसरीवर जाऊन उभा राहिलो. हल्ली ते काठी टेकत फेऱ्या घालतात.

"इवाई, वास्तूच्या दिवशी बोलावनं गेलंच नोतं. मी खोटं बोललो. चुकलो."

ते थांबले.

"कोनती वास्तू? मले त काही आठवत नाही."

पुढे बोलू लागलो तर काठी उचलून मला गप्प केलं आणि आत हाक मारली, "चाल वं पोरी, तुह्या बापाघरी जेवाले जाऊ."

ते खरंच विसरले होते की मला सोडवत होते, हे मला आजही कळलेलं नाही. गाव मात्र अजून "प्रोफेसर रुसले होते" म्हणतं आणि तेही त्यावर हसतात. म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

त्या दिवशी घरी काहीच तयारी नव्हती. बायकोनं घाईघाईत पिठलं टाकलं. व्याही पाटावर मांडी घालून बसले, त्यांच्या शेजारी मी. लेक वाढायला उठली, तर बायकोनं तिला हात धरून पानावर बसवलं. तिनं मान खाली घालून भाकरी खाल्ली, आणि मग आणखी अर्धी मागितली.