वरचं पाणी

दुपारचे अडीच वाजलेत. डबा अर्धवट टाकून डॉ. वैजयंती खोत प्रयोगशाळेतल्या टेबलावर डोकं टेकवते. पाचच मिनिटं, असं ती स्वतःला बजावते. पाच मिनिटांची झोप किती वेळाची असते, हे सांगायला नको. चार वाजता समितीपुढे उभं राहून तिला कबूल करायचंय, की दोन वर्षं जिवाचं रान करून तपासलेलं औषध फसलं. प्रकल्प बंद. फ्रीझरच्या खालच्या खणातले नमुने टाकून द्यायच्या यादीवर तिनं सकाळीच सही केलीय. तीनला ट्रॉली येईल.

तिला छळतेय ती एकच गोष्ट. फुप्फुसाला अचानक मोठी इजा झाली, की तिथल्या पेशी भराभर मरतात आणि आत पाणी भरतं. तिचं औषध पेशींना मरू देत नाही. आजारी उंदरांना ते दिलं आणि मेलेल्या पेशींची मोजणी चक्क निम्म्यावर आली. उंदीर मात्र आधीपेक्षा लवकर दगावले. हे असं कसं, ते तिला काही केल्या उमगत नाही. डोळे जड होतात. टेबलाचा गारवा गालाला बरा वाटतो.

शेजारच्या खोलीतल्या फ्रीझरची घरघर थांबते. समोरच्या स्टुलावर मगदूममामा बसलेत.

मामा इथले जुने तंत्रज्ञ. ती विद्यार्थिनी म्हणून आली, तेव्हा काचपट्टी कशी धरायची ते त्यांनीच शिकवलं. आठ महिन्यांपूर्वी न्यूमोनिया झाला, फुप्फुसात पाणी भरलं आणि चार दिवसांत ते गेले. हे तिला स्वप्नातही पक्कं आठवतंय. पण ती तो विषय काढत नाही. न जाणो, काढला तर उठून जातील. ती आपलं जेवण झालं का, एवढंच विचारते. मामा मान हलवतात आणि म्हणतात, "चला मॅडम, जरा आमची गल्ली दाखवतो."

ते फ्रीझरचं दार उघडतात आणि आत खरंच गल्ली आहे. एकाला एक चिकटलेली चिमुकली घरं, भिंती कांद्याच्या पापुद्र्याएवढ्या पातळ. सगळी घरं एकदम फुगतात, एकदम बसतात. जन्मभर सूक्ष्मदर्शकातून वरून पाहिलेल्या फुप्फुसात वैजयंती आज पायी चालतेय, आणि तिला धावत सुटावंसं वाटतंय.

एका घरातली म्हातारी निघायच्या तयारीत आहे. तिनं भांडीकुंडी आवरून गाठोडी बांधलीत, चूल विझवलीय. सफाईवाले येतात, गाठोडी आणि म्हातारी दोन्ही अलगद उचलून नेतात. शेजारणीला पत्ताही लागत नाही.

"हे एक मरण," मामा म्हणतात. "ह्याचा कुणाला तरास न्हाई."

गल्ली वळते आणि तिचा दवाखान्यातला वॉर्ड होतो, मामांना ठेवलं होतं तो. पडद्यांच्या जागी दारं आहेत, दारांवर फळ्या ठोकल्यात, आणि प्रत्येक फळीवर वैजयंतीची सही. निघायचंय त्यांना निघता येत नाही. आतून धडका बसतात. मग एक घर फुटतं. उकळतं पाणी शेजारच्या भिंतींवर उडतं, शेजारचं घर फुटतं, मग त्याच्या पलीकडचं. मदतीला धावलेले पहारेकरीही आत अडकून लाठ्या फिरवत सुटलेत, उरल्यासुरल्या भिंती पाडताहेत. त्यांनाही वेळेवर निघता येत नाही. पाणी घोट्यापर्यंत येतं.

"आता मोजा की मेलेले," मामा शांतपणे सांगतात.

ती वाकून पाण्यात चाचपते. मोजायला काही नाहीच. ना गाठोडं, ना माणूस. घरच नाही, तर मोजणार काय? आणि तिच्या डोक्यात लख्ख उजाडतं.

प्रयोगशाळेची रीत अशी, की उंदराचं फुप्फुस धुवायचं, ते पाणी यंत्रात गरगर फिरवायचं, तळाशी बसलेल्या पेशींतल्या मेलेल्या मोजायच्या आणि वरचं पाणी फेकायचं. नियमावलीत तसं लिहिलंय आणि तिनं ते कसोशीनं पाळलंय. पण फुटलेली पेशी तळाशी बसेल कशी? तिच्यातलं सगळं वरच्या पाण्यात सांडलेलं! औषधानं मरण थांबवलंच नव्हतं. शांतपणे आवरून जाणाऱ्यांची वाट तेवढी अडवली होती, आणि मोजणी कमी आली म्हणून ती पेढे वाटत होती.

ते पाणी मामांनी कधी फेकलं नाही. दर वेळी डबीत भरून ठेवत. थंडीत चिकटपट्टी सुटते, म्हणून डब्यांचे खोके शिवणाच्या दोऱ्यानं बांधत, दोन वेढे आणि वर फाशाचा एक आखूड कान असलेल्या त्यांच्या खास गाठीनं. ती गाठ कात्रीशिवाय कुणाला सुटली नाही. फ्रीझर भरून टाकता म्हणून वैजयंतीनं सगळ्यांसमोर त्यांना झापलं होतं. ते दवाखान्यात गेले, त्याच्या आदल्याच आठवड्यात.

"मामा, माझं चुकलं," ती म्हणते. तिला रडू येतंय आणि त्याच वेळी आनंदानं छातीत धडधडतंय.

"चुकीचं ऱ्हाऊ दे. खालच्या खणात सगळं हाय, तारखेनिशी." मामा तिच्या ओढणीचं टोक हातात घेतात. "झोपेतलं ध्यानात ऱ्हात न्हाई. गाठ मारून देतो." मारता मारता, वर न बघता, ते हळूच म्हणतात, "माझ्याबी छातीत असंच झालं व्हतं का, जमलं तर तेवढं बघा."

बघते, असं ती सांगणार तोच पाणी गळ्याशी येतं.

वैजयंती दचकून उठते. गालावर टेबलाची कड उमटलीय. घड्याळात तीनला दोन मिनिटं कमी आहेत आणि बाहेर ट्रॉलीची चाकं थेट फ्रीझरच्या खोलीकडे कुरकुरत निघालीत. ती ओढणी सावरायला जाते आणि हात थबकतो. टोकाला गाठ आहे. दोन वेढे आणि एक आखूड कान. ती नखानं ओढून पाहते, गाठ सुटत नाही.

ती दाराकडे धावते आणि ओरडून सांगते, "खालच्या खणाला हात लावू नका." गाठ तिनं मुठीत घट्ट धरलीय.