लांबून पाहिले

पवळाताई आज सकाळी गेली.

खरं तर आधी विचारपूस करायला हवी होती. ती असती तर म्हणाली असती, "आदी मान्सं कशी हायत ते इचार, मंग तुजं काय ते सांग."

तर शरद, गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? एवढ्यात जिने चढू नकोस.
नलूवहिनी, साखर खाली आली का?
मोहोपाड्याचे दिनकरराव, खोकला गेला की अजून सगळी कॉलनी जागवताय?
बेबी, तू पोस्ट वाचतेस पण लाईक करत नाहीस, म्हणजे बरी असणार.

माझं ठीक. जुनं जातं, घरघरतं पण दळतं.

पवळाताई कोंडाण्याच्या वरच्या अंगाच्या ठाकरवाडीतली. कर्जतच्या बाजारात रानभाजी घेऊन बसायची. नव्वदी कधीच ओलांडली होती.

नात्याची कोणी नाही. पण तिच्यापायी आमच्या बाबांची बढती गेली.

गोष्ट इंग्रजांच्या काळातली, एकोणीसशे तीसनंतरची. माझ्या जन्माआधीची. बाबा मी लहान असतानाच गेले, त्यामुळे सगळी आईच्या तोंडून ऐकलेली.

बाबा सरकारी आरोग्य खात्यात देवी काढायचे. म्हणजे देवीच्या रोगावरची लस टोचायची, दंडावर दोन ठिकाणी, वाडीवाडीला पायी जाऊन. त्यांना बघून पोरं भाताच्या कणगीमागं लपत.

खात्याचं परिपत्रक यायचं. कोणाची बदली, कोण रिटायर, कोणता कायदा बदलला. बाबा ओटीवर बसून मोठ्यानं वाचायचे. आई चुलीपासून विचारायची, "आपलं नाव हाय का?"

"नाय."

"मग पुढचं मनात वाचा."

एकदा एकाच परिपत्रकात दोन गोष्टी आल्या.

एक, सक्तीच्या लसीचा कायदा आपल्या तालुक्यालाही लागू. टोचल्यावर आठव्या दिवशी पोराचा हात पाहायचा, फोड उठला का ते वहीत लिहायचं. फोड उठला तरच लस लागली. हात दाखवायला नकार देणाऱ्या आईबापांची नावं मामलेदाराकडे, खटल्यासाठी.

दोन, इन्स्पेक्टरची एक जागा रिकामी. ज्याची वही पुरी, त्याचं नाव वर जाणार.

बाबांची वही पुरी होती. एक पोर सोडून. तीच पवळी, तेव्हा झोळीतली.

आठव्या दिवशी बाबा गेले तर दाराला कडुनिंब. पोरीला टोचलं म्हणजे घरात देवी आली. ती जाईपर्यंत बाहेरचं माणूस जवळ येणार नाही, हा वाडीचा रिवाज.

बाबा म्हणाले, "अगं बाय, ही देवी मीच आणली ना!"

पवळीची आय दारातनं म्हणाली, "आनलीस रं दादा, कोन नाय म्हनतंय? पन सोयरीक जुळवली म्हनून मदला मानूस रोज नवरीचं तोंड बघाया येतो काय?"

"कायदा हाय गं. नाय दाखवलीस तर मामलेदार बोलावील."

"त्यालाबी सांग, लांब उबा ऱ्हा."

शेवटी ती पोरीला घेऊन उंबऱ्याबाहेर आली. बाबा पंचवीस पावलांवर, मोहाच्या झाडाखाली. तिनं पोरीचा हात उचलून धरला. काहीतरी लाल दिसलं. फोड की डास चावलेला, देव जाणे.

सोबत पाटलाचा माणूस होता. बाबांना पुढं जाता आलं असतं.
गेले नाहीत.
घरी येऊन आईला म्हणाले, "आज जबरदस्ती केली तर उद्या दुसरं पोर कोण आणून देईल?"

वहीत लिहिलं, "लांबून पाहिले."

वही परत आली. साहेबांचा शेरा: असा रकाना नाही. "पाहिले" लिहा, नाहीतर "नकार" लिहा.

आई म्हणाली, "अहो, एक शब्द तर खोडायचा. पाहिलंत ना?"

"आणि फोड उठलाच नसंल तर? वहीत पोर सुरक्षित, आणि वाडीत उघडं."

"मग नकार लिहा."

"तिनं दाखवली की गं. नकार कसा?"

वही तशीच गेली.

पुढच्या परिपत्रकात इन्स्पेक्टर म्हणून दुसऱ्याचं नाव. बाबा म्हणाले, "आपलंपण हाय." आई पिठाच्या हातानं धावत आली.

बदली. महाडच्या बाजूला.

तिकडंच काही वर्षांनी तापात गेले. शेवटच्या आजारातही आईला विचारत, "त्या पोरीचा फोड उठला असंल का गं?"

आई मला घेऊन कर्जतला परतली. पवळाताईची गाठ पडली तेव्हा आईही राहिली नव्हती. भाजी घेता घेता वाडीचं नाव निघालं, तिच्या आयचं निघालं. म्हणाली, "तुजा बाप शाना. सांगितलं तितं उबा ऱ्हायला."

मी विचारलं, "खूण आहे का गं हातावर?"

"असंल. कोन बघतंय!"

लांब बाह्यांचं पोलकं. बाही वर कर, असं कसं म्हणायचं? आणि खरं सांगू, भीती होती. नसली तर?

इतकी वर्षं भाजी घेतली, पुन्हा विचारलं नाही.

गेल्या महिन्यात ती आजारी म्हणून भेटायला गेलो. बीपी बघायला आशाताई आली होती. तिनं बाही वर सारली आणि मी दारातच तोंड फिरवलं.

"काय रं, बापासारकाच लांब उबा! देवी कवाच गेली माज्या घरातनं. ये जवळ."

गेलो.

कातडी लोंबलेली. पण दंडावर दोन वण, गोल, स्वच्छ.

आशाताई म्हणाली, "आजी, हे कसले?"

"ह्याच्या बापानं दिलंय."

बाबांची कच्ची वही माझ्याकडं आहे. आज तिचं सगळं आटोपून आलो आणि त्या ओळीखाली लिहिलं: जवळून पाहिले. दोन्ही फोड उठले होते.

पवळाताई, सुखानं जा. वाटेत मोहाखाली कोणी उभं दिसलं तर बाही वर करून दाखव.

आणि मंडळी, आपापलं कसं आहे ते लवकर लिहा. शरद, तूसुद्धा.