तीनदा मेलेलं कासव

महिन्यातून दोन शनिवार मी तंजावुरातून पहाटेची पट्टुकोट्टैची बस पकडते आणि पुढे शेअर ऑटोनं समुद्रावर जाते. किनाऱ्याची नोंद ठेवणाऱ्या आमच्या गटात दोन किलोमीटर वाळू माझ्या वाट्याला आलेली आहे. ती चालायची आणि छापील कागदावर लिहायचं: पक्षी किती, कुत्री किती, वाळूवर आलेल्या मोटरसायकली किती, जाळी ओढणारी माणसं किती, मेलेलं काय सापडलं. पैसे मिळत नाहीत. मासळीला हात न लावणाऱ्या घरातली बाई हे कशाला करते, असं आमच्या राजवाड्यामागच्या गल्लीत अजून विचारतात. यजमान तर पहिल्याच दिवशी म्हणाले, “अग, आधी घरातली झुरळं मोज!”

सुरुवात केली तेव्हा मी लहान होते. एकसष्ट वर्षांची. नुकतीच निवृत्त झालेली गणिताची शिक्षिका. तंजावुरात आपल्याइतकी हुशार बाई दुसरी नाही, असं त्या बाईचं ठाम मत होतं. सूचनांचा कागद तिनं एकदाच वाचला. दोनदा वाचायला ती काय नापास झालेली विद्यार्थिनी होती?

त्या कागदावर लिहिलं होतं, मेलेला प्राणी मोजल्यावर त्याच्यावर रंगानं खूण करा. मला पहिलं कासव सापडलं ते सुकी मासळी वाळत घालतात त्या ओट्याजवळ. पुढच्या पायाला जाळ्याचा तुकडा गुंडाळलेला. आता, साक्षात कूर्मावताराच्या पाठीवर ऑइल पेंट फासायचा? माझ्या हातून होईना. मी पर्समधली डबी काढली, पाठीवर हळदकुंकू वाहिलं, डोळे मिटून नमस्कार केला आणि झाली खूण, म्हणून पुढे चालू लागले. समुद्राला कुंकू पुसता येतं हे गणिताच्या पुस्तकात नव्हतं.

पंधरा दिवसांनी होड्या लावतात तिथं दुसरं कासव. हे उताणं. कपाळाला, म्हणजे पाठीला, कुंकू कुठं दिसणार? मी पोटावर लावलं. आणखी पंधरा दिवसांनी सरूच्या झाडांशी तिसरं, अर्धं वाळूत. तिन्ही वेळा शिवणकामाच्या टेपनं माप घेतलं, पासष्ट सेंटीमीटर. दर वेळी वास आधीपेक्षा जास्त, हेही मी इमानानं नोंदवलं. आणि शेऱ्याच्या रकान्यात त्या विदुषीनं लिहिलं, “या किनाऱ्यावरची कासवं एकाच वयाची असावीत.” हा शोध लागल्याच्या आनंदात मी बसमध्ये शेजारच्या बायकांना मुरुक्कूच्या चकल्या वाटल्या.

चौथ्या खेपेला ओट्यावरच्या बाईनं मला हाक मारली. तिथंच मासळी वाळवते, नवऱ्याची छोटी फायबर बोट आहे. तमिळमध्ये, सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, “टीचरम्मा, एकाच कासवाला तुम्ही किती वेळा मारणार?”

“एकच कुठलं? तीन आहेत.”

“या इकडे.” तिनं मला सरूपाशी नेलं आणि कवचाची मागची कड दाखवली. अप्पळम पापड मोडावा तसा तिथला तुकडा गेलेला. “ही कड मी पहिल्या दिवसापासून बघतेय. माझ्या ओट्याजवळून कुत्र्यांनी ओढलं, भरतीनं हलवलं. तुम्ही दर वेळी नाकाला पदर लावून कुंकू लावत होता. मला वाटलं, घरचं काही व्रत असेल.”

मी पिशवीतून तिन्ही कागदांच्या प्रती काढल्या. पासष्ट, पासष्ट, पासष्ट. पाचवीतलं पोरही चमकलं असतं.

पण ती हसत नव्हती. “बुधवारी मासेमारी खात्याचे साहेब सभा घ्यायला येणार आहेत. तुमच्या कागदांवर तीन कासवं मेली म्हणून काठाजवळच्या जाळ्यांना हंगामभर बंदी घालायची म्हणतात. आमची बोट लांब जात नाही. काठच बंद झाला तर आम्ही काय करायचं?”

मी आमच्या गटाच्या प्रमुख मुलीला फोन लावला. मुलगी गुणी, माझ्या नातीच्या वयाची. ती म्हणाली, “मॅडम, कागद मी दुरुस्त करते. सभेत नका बोलू. लोक म्हणतील, यांचे सगळेच आकडे असे.” तिचं चूक नव्हतं. पण तीस वर्षं मी पोरांना सांगत आले होते की चुकलेलं उत्तर खोडरबरानं पुसायचं नाही; त्यावर काट मारायची आणि खाली बरोबर लिहायचं. आता स्वतःसाठी रबर कुठून आणू?

बुधवारी जाळी विणायच्या शेडमध्ये सगळं गाव जमलं होतं. साहेब प्लॅस्टिकच्या खुर्चीत. मी उभी राहिले. “मेलेलं कासव एकच होतं. मीच ते तीनदा मोजलं.”

मग एक म्हातारे नावाडी म्हणाले, “तीनदा कुंकू मिळालं त्याला. थेट वैकुंठाला गेलं असेल!” शेड हशानं हलली. मीही हसले. माझ्यावरचा विनोद होता, पण चांगला होता.

साहेब वैतागले होते. “मग एक तरी खरं का?”

“एक खरं. आणि त्याच्या पायाला जाळं होतं.”

हसू थांबलं. मागून कोणीतरी माझा पदर ओढला. ओट्यावरचीच बाई. “टीचरम्मा, एवढं खरं बोललात ना? आता तेवढं सोडा की.”

“तीनचा आकडा चुकला म्हणून एकाचं शून्य कसं करू, अम्मा?”

तिनं पदर सोडला. साहेबांनी बराच वेळ कागद उलटेपालटे केले आणि सांगितलं, बंदी आत्ता नाही. हंगामभर नीट मोजणी होऊ दे, जाळी टाकून ठेवणाऱ्यांनी ती वरचेवर तपासावीत, मग बघू. बोटी दुसऱ्या दिवशी निघणार होत्या, तरी ती बाई जाताना माझ्याशी बोलली नाही.

माझ्या पुढच्या खेपेच्या शनिवारी ती सरूपाशी आधीच उभी होती. हातात बोटीचा उरलेला निळा रंग आणि झिजलेला ब्रश. मी कूर्मावताराबद्दल काही म्हणायच्या आत तिनं त्या कवचावर पुढून मागपर्यंत जाड पट्टा ओढला. “आता मोजा.”

“आणि नवीन सापडलं तर?”

“तर त्यालाही लावू. खरं ते लिहा. पण एकाचं एकदाच.”

मी लिहायला लागले तशी ती माझ्या खांद्यावरून वाकली. “काय लिहिलंत?”

“मेलेली कासवं: एक, जुनंच.”

तिनं ‘जुनंच’च्या खाली ओल्या निळ्या बोटानं रेघ मारून दाखवली. मी पेनानं दुसरी मारली.