विहीणबाई, खाजा आणि परळचा मॉल

आमच्या केतकीला बघायला सबनीस मंडळी ज्या मॉलमध्ये आली, त्या मॉलमध्ये त्या दिवशी आमच्याशिवाय दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

जागा मी निवडली होती. खरं तर मुलीने बजावून ठेवलं होतं, "बाबा, 'बघायला' वगैरे म्हणायचं नाही. आम्ही फोनवर बोललोय, आता दोन्ही घरं भेटतायत. एवढंच." आता दोन्ही घरं भेटायची तर एकाच्या घरी भेटली असती की! पण आमचं घर लालबागला. चाळ पाडून टॉवर झाला, तरी शेजारी तेच राहिले. दारात नवी चप्पल दिसली की अख्खा मजला साखर मागायला येतो. सबनीस राहतात दादरला, हिंदू कॉलनीत. तिथे आम्ही जायचं म्हणजे मुलीकडच्यांनी आधीच वाकल्यासारखं. म्हणून मी म्हटलं, "मधोमध भेटू. परळच्या मॉलमध्ये. तिसऱ्या मजल्यावर फूड कोर्ट आहे. गार हवा, कारंजं, काचेची लिफ्ट. एकदम पॉश!"

"अहो, तो मॉल बंद पडलाय म्हणतात," माझी बायको नंदा म्हणाली.

"मॉल काय बंद पडतो? ती काय गिरणी आहे?" मी म्हणालो.

(त्या जागी आधी गिरणीच होती, आणि ती बंद पडली म्हणूनच तिथे मॉल उभा राहिला, हे वाक्य तोंडातून गेल्यावर आठवलं. पण गेलेलं वाक्य आणि गेलेली बस, दोन्हींच्या मागे धावण्यात अर्थ नसतो.)

रविवारी सकाळी आम्ही चौघं निघालो. मी, नंदा, केतकी आणि माझी आई. आई ऐंशीच्या पुढची, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. तिच्या काखेत पिशवी. "आई, बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत," मी म्हणालो. "ह्या बाहेरचा नाय, घरचा असा," आई म्हणाली आणि विषय संपला.

दारावर एकच वॉचमन. त्याने आम्हाला अडवलं.

"किसके पास जाना है?"

मी चाट पडलो. "अरे, मॉल में जाना है!"

"वो समझा साब. लेकिन मॉल में किधर? दाँत का डॉक्टर, या ट्यूशन क्लास?"

"शॉपिंग को आया है!" मी बाणेदारपणे म्हणालो.

तो उठून उभा राहिला. म्युझियममधली वस्तू बघावी तसं त्याने मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि अदबीने दार उघडलं. दाराच्या बिजागऱ्या करकरल्या.

आम्ही आत पाऊल टाकलं. गार हवा नव्हती. कारंजं कोरडं होतं आणि त्याच्या मधोमध एक मांजरी तिची पिल्लं घेऊन पहुडली होती. सरकता जिना सरकायचा थांबून नुसता जिना झाला होता. दोन्ही बाजूंना शटरं, शटरांवर धूळ. एक तेवढं मोज्या-बनियनचं दुकान उघडं होतं. त्यावर 'दुकान बंद होत आहे! शेवटचे तीन दिवस!' असा बोर्ड. तो बोर्ड इतका पिवळा पडला होता की ते तीन दिवस बहुतेक केतकी शाळेत असताना सुरू झाले असावेत.

"सुध्या," आई म्हणाली, "हो मॉल की भुतांचो बंगलो?"

"बाबा," केतकी दातओठ खात म्हणाली, "फोन करा आणि दुसरीकडे बोलवा त्यांना."

मी फोन काढला. तेवढ्यात दाराच्या बिजागऱ्या पुन्हा करकरल्या. सबनीस आले!

सबनीस साहेब उंच, शांत, मंद हसणारे. सबनीसबाई रेशमी साडीत, हातात फुलांचा गुच्छ. आणि त्यांच्या मागे अनिकेत, चष्मेवाला, इंजिनिअर, आणि इतका अबोल की आधी मला तो त्यांचा ड्रायव्हर वाटला.

सबनीसबाईंनी चौफेर पाहिलं. "अय्या, आज मॉलला सुट्टी आहे का?"

खरं बोलण्याची ती शेवटची संधी होती. मी ती घालवली.

"छे छे! मी मुद्दामच निवांत जागा शोधली. गोंगाटात माणसं मोकळी बोलत नाहीत. मी तर इथे नेहमी येतो!"

"नेहमी?" सबनीस साहेबांनी मांजरीकडे बघत विचारलं.

"दर आठवड्याला!"

नंदाने डोळे मिटले. ते तिने संकटसमयी मिटायचे असतात तसे मिटले.

मग मी सगळ्यांना घेऊन निघालो. नेहमी येणाऱ्या माणसाच्या ऐटीत 'या बाजूला' म्हणून वळलो, तर समोर कापडाचं एक बंद दुकान आणि काचेआड पुतळे. दुकान गेलं होतं, कपडे गेले होते, पुतळे राहिले होते! चार बायका आणि दोन पुरुष, अंगावर सूतभरसुद्धा नाही, आणि सगळे हात पुढे करून आमचं स्वागत करतायत. मी झटकन उलटा फिरलो, दोन्ही हात पसरले आणि काचेला पाठ लावून उभा राहिलो.

"काय झालं?" सबनीसबाई दचकल्या.

"काही नाही! इकडून नको, तिकडून जाऊ. तिकडून... हवा चांगली आहे!"

(सहा पुतळे एका माणसाने झाकायचे तर त्याला निदान चार हात हवेत. सबनीस साहेब पुन्हा मंद हसले. तेव्हा मला कळलं की त्यांना सगळं दिसलंय.)

तिसऱ्या मजल्यावर जायचं होतं. सबनीस साहेब म्हणाले, "आम्ही बंद जिन्याने चढतो, तेवढाच व्यायाम." नंदा त्यांच्याबरोबर गेली. केतकी आणि अनिकेत त्यांच्या मागून रेंगाळत निघाले. उरले गुडघेवाले. आई आणि सबनीसबाई. "तुम्ही माझ्याबरोबर चला, काचेच्या लिफ्टने! वरून दृश्य फार सुंदर दिसतं," मी म्हणालो.

लिफ्टचा दिवा लागत होता. दार उघडलं. मी तीनचं बटण दाबलं. लिफ्टने एक उसासा टाकला, हळूहळू पहिला मजला ओलांडला, आणखी एक उसासा टाकला, आणि थांबली. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये. हवेत. काचेच्या पेटीत आम्ही तिघं, मिठाईच्या दुकानातल्या बर्फीसारखे!

"दृश्य बघायला थांबते का?" सबनीसबाईंनी विचारलं.

मी सगळी बटणं दाबली. मग आणीबाणीची घंटा दाबली. ती वाजली नाही. मग मी काचेवर थापा मारल्या. खाली वॉचमन धावत आला. "साब! लिफ्ट में क्यों गया? लिफ्ट तो बिगड़ा हुआ है!"

"बोर्ड लगाना मंगता ना!" मी ओरडलो.

"कोई आता ही नहीं साब! किसके लिए लगाएगा?"

लिफ्टवाल्याला फोन गेला. तो शीवहून निघालाय असं कळलं. सबनीसबाईंचा श्वास जड झाला. त्यांचा रंग साडीशी मिळायला लागला (साडी पिस्ता रंगाची होती). "मला... बंद जागेची भीती वाटते हो. लहानपणापासून."

मी गारठलो. मुलीचं लग्न राहिलं बाजूला, माझ्या हातून मुलाची आई जाणार! मी रुमालाने वारा घालू लागलो. पण आईने मला बाजूला सारलं, पिशवी उघडली आणि बाईंचा हात हातात घेतला.

"भिया नको गो बाय. काय होवचा नाय. खाजा खा."

"मला आत्ता खाववणार नाही..."

"खा गो. तोंडात कायतरी असला की माणूस मरत नाय."

हे वैद्यकशास्त्र मी प्रथमच ऐकत होतो. पण बाईंनी खाजा तोंडात टाकला. मालवणी खाजा, म्हणजे गूळ-आल्यात घोळवलेली बेसनाची कडक कांडी, एकदा तोंडात टाकला की भीती वगैरे वाटायला दात मोकळे राहत नाहीत. त्या चावू लागल्या. आई माझ्याकडे बोट दाखवून बोलू लागली.

"ह्येचे बापूस हयसरच गिरणीत कामाक होते. आता आपण टांगलेलो आसव ना, बरोबर ह्याच जागेर तेंचे कापड विणूचे साचे. इतको आवाज, की घराक इले तरी ओरडानच बोलत."

"हो का?" बाईंनी दुसरा खाजा घेतला. "तुम्ही यायचात इथे?"

"दारापर्यंत. डबो घेवन. आत आज पयल्यांदाच इलंय." आईने काचेतून खाली बघितलं. मग म्हणाली, "बरा असा. हवा येता."

मी काचेकडे तोंड फिरवलं. पण आईने ते फार वेळ तिकडे राहू दिलं नाही.

"आणि हो सुध्या सांगता दर आठवड्याक येतंय म्हणान! हो मॉल उघडलो तेव्हा एकदा इलेलो. सरकत्या जिन्यार पाय ठेवूक भिलो! बायको पोरीक घेवन वर, हो खाली. वरसून ती हाका मारता, खालसून हो हात हलयता. शेवटाक ती खाली इली आणि तिघांय घराक इली. तेच्यानंतर आज!"

सबनीसबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बटणांकडे पाहिलं. आणि बाई हसायला लागल्या! खाजा तोंडात, डोळ्यांत पाणी, खांदे गदगदतायत. रंग परत आला.

एवढ्यात पहिल्या मजल्याच्या कठड्यापाशी मंडळी जमू लागली. परळचे आजी-आजोबा! बूट, टोप्या, हातात पाण्याच्या बाटल्या. मॉल रिकामा झाल्यापासून ते इथे चालायला येतात, असं नंतर कळलं. रस्त्यावर खड्डे, इथे फरशी! ते गोल फेरी मारून आमच्या लिफ्टखाली येत, वर बघत आणि चौकशी करून पुढे जात.

"अडकलात काय?"

"हो!"

पुढच्या फेरीला: "अजून आहात काय?"

"हो!"

त्याच्या पुढच्या फेरीला एका आजींनी टाचा उंचावून विचारलं, "तो खाजा मालवणचा, की इथलाच?"

"मालवणचो!" आई गरजली. "आल्याचो!"

मग ते चालायचेच थांबले आणि कठड्याला रेलून उभे राहिले. त्या मॉलमध्ये इतकी गर्दी कित्येक वर्षांत झाली नसेल.

तेवढ्यात लिफ्टला एक हिसका बसला. बोटभर खाली सरकली असेल, पण सबनीसबाईंनी किंकाळी फोडली आणि काचेला तोंड लावून ओरडल्या, "अनिकेत! मला आत्ताच्या आत्ता सांग! तुला केतकी आवडली का?"

रिकामा मॉल तो! आवाज घुमला. आवडली का... ली का... का... तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला आणि परत आला. मांजरी उठून बसली. दातांच्या डॉक्टरांनी दार उघडून बाहेर डोकावलं. त्यांच्या मागे तोंड उघडंच ठेवलेला पेशंट.

जिन्यावरून केव्हाच परतलेला अनिकेत खाली, लिफ्टच्या बरोबर समोर उभा होता. तो कानापर्यंत लाल झाला. केतकी त्याच्या शेजारी कमरेवर हात ठेवून उभी.

"काकू, आधी मला विचारायला हवं ना!" ती ओरडली.

"बरोबर आहे!" कठड्यावरच्या आजी ओरडल्या.

"आई, लिफ्टमधून उतर, मग बोलू!" अनिकेत ओरडला. (त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. चांगला होता.)

"उतरले नाही तर?"

सगळे बघतायत. अनिकेतने चष्मा वर सरकवला, केतकीकडे पाहिलं, आणि म्हणाला, "हो."

मॉल म्हणाला, "हो... हो... हो..."

टाळ्या पडल्या! केतकीने मात्र हात वर केला, "मी विचार करून सांगते," आणि आजोबा मंडळींनी "वा!" म्हणून त्यालाही टाळ्या दिल्या. त्यानंतर लिफ्टवाला आला, कुठलंसं चाक फिरवलं आणि आम्ही तिघं थाटात जमिनीवर उतरलो. दोघी हातात हात घालून. मी मागे, रिकामी पिशवी घेऊन.

मग फूड कोर्ट? ते बंदच होतं. नंदा आणि सबनीस साहेब वर जाऊन बघून आले होते. आम्ही समोरच्या उडप्याकडे इडली-वडा खाल्ला.

केतकीने पुढच्या आठवड्यात होकार दिला. मी विचारलं, "त्याच्यात असं काय आवडलं गं? बोलत तर काही नाही."

"बाबा, लिफ्टला हिसका बसला ना, तेव्हा तो पुढे धावला आणि दोन्ही हात वर करून उभा राहिला. पडली तर झेलायला."

"लिफ्ट झेलायला? अगं, इंजिनिअर ना तो?"

"हो ना!" ती म्हणाली, आणि असं हसली की मी पुढे काही विचारलं नाही.

बोलणी करायला सबनीस मंडळी आमच्याच घरी आली. अख्खा मजला साखर मागून गेला. मुलगी पसंत, घर पसंत, मानपान काही नको, देणंघेणं नको. सबनीसबाई म्हणाल्या, "आमची एकच अट आहे. लग्नाचा हॉल मुलीच्या बाबांनी ठरवायचा नाही."

मी काही बोलायच्या आत आई, बायको आणि मुलगी एका सुरात म्हणाल्या, "मान्य!"

मग सगळे माझ्याकडे बघू लागले. मी मान हलवली. घरातला कर्ता पुरुष म्हणून माझ्याकडे आता तेवढीच मान उरली आहे.