टाकीच्या झाकणावरची सुरगाठ

श्रावणातलं ऊन आमच्या पेणच्या घरात शिरतं तेच मुळी ओल्या शाडूचा वास घेऊन. पागोळ्या नुकत्या थांबलेल्या असतात, पत्र्यावरून वाफ निघत असते, कारखान्यातल्या गणपतींच्या रांगेवरून एक पिवळी तिरीप सावकाश सरकत असते आणि मी आखणीचा बारीक ब्रश धरून एकेका मूर्तीला डोळे देत बसलेली असते. या वासात लहानपणापासून आणखी एक वास मिसळलेला आहे, अंगणातल्या जुन्या पिकअपच्या डिझेलचा. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, सदऱ्यालाही हेच दोन वास असायचे.

अण्णा मूर्ती घडवत नसत, पोहोचवत. तिला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचं, सुतळी बांधायची, पेंढ्यावर बसवायचं आणि रोह्याच्या घराघरांत स्वतःच्या हातांनी उतरवायचं, हे काम त्यांनी जन्मभर केलं. सुतळीला गाठ मात्र नेहमी सुरगाठ. "देवाला निरगाठ नाय मारायची," ते म्हणायचे, "यजमानानं एक टोक वढला का देव मोकळा झाला पायजे."

गेल्या माघात अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मागे राहिले ते एक डावा हात आणि दोन डोळे, ज्यांत काय साठलंय ते जन्मभर डोळेच रेखाटणाऱ्या मलाही वाचता येईना. घरात ते भिंतीकडे तोंड करून पडून असत. फक्त गाडीत बसवलं की चेहरा उजळायचा. म्हणून रोह्याला डॉक्टरांकडे व्यायामासाठी नेताना माझा भाऊ सुभाष चालवायला, मध्ये मी आणि डाव्या खिडकीशी अण्णा, अशी आमची वरात निघायची. त्यांच्या आयुष्यात बाहेरचं जग म्हणून आता तेवढंच उरलं होतं.

आषाढात गाडी बंद पडू लागली. वडखळ सुटायचं, डोलवीच्या कारखान्याच्या चिमण्या मागे जायच्या, नागोठण्यापर्यंत काही नाही, आणि पुढे निडीच्या आसपास, दोन्हीकडे भाताच्या आवणाची हिरवी शेतं पसरलेली असताना, इंजिन एक आवंढा गिळून गप्प व्हायचं. बॉनेट उघडून आम्ही उभे. थोड्या वेळानं, काहीही न करता, ती आपली आपण सुरू व्हायची, जणू नुसती रुसली होती. मिस्त्रीच्या दारात उभी केली की मात्र शहाण्या मुलीसारखी दिवसभर चालायची. त्यानं फिल्टर बदलला, डिझेलचा पंप उघडून बसवला, वायरी चाचपल्या. "गाडीत कायच खोट नाय, ताई," तो कपाळाला हात लावून म्हणाला. दुखणं असं की वैद्य आला की ताप उतरतो, आणि वैद्य गेला की पुन्हा थंडी वाजते.

सुभाष कंटाळला. "गणपती झालं का विकून टाकू," तो अण्णांच्या देखत बोलून गेला. अण्णांनी मान फिरवली. मला भावाचा राग आला, पण भर पावसात, बोलता न येणारा बाप घेऊन रस्त्यात किती वेळा उभं राहायचं?

त्यातल्या त्यात समाधान एकच होतं. पावसाळा सुरू झाल्यापासून अण्णा सकाळी पाय ओढत अंगणात जायचे आणि गाडीच्या डिझेलच्या टाकीत पाणी जाऊ नये म्हणून झाकणावर प्लॅस्टिकचा तुकडा घट्ट गुंडाळून सुतळी बांधायचे, एका हातानं आणि दातांनी. गाठ सुरगाठच. हात परत कामाला लागला म्हणून आम्ही सुखावलो. पंपावर डिझेल भरलं की सुभाष ती गाठ पुन्हा तशीच, जपून मारायचा.

एका सकाळी निडीजवळ गाडी पुन्हा थांबली. डिझेल तरी आहे ना, पाहावं म्हणून मी उतरले, सुतळीचं टोक ओढलं आणि झाकण फिरवलं. आतून लांब, खोल 'सूंऽऽ' असा आवाज झाला. टाकी हवा ओढून घेत होती. सुभाषनं किल्ली फिरवली, आणि गाडी लगेच सुरू.

"अगो, टाकीला हवाच जाईत नव्हती गो!" तो ओरडला. झाकणाचं बारीक भोक त्या प्लॅस्टिकनं बुजलं होतं. आत हवा शिरेना, म्हणून लांब पल्ल्यावर डिझेल पुढे सरकेना. मिस्त्री डिझेल पाहायला आधी झाकणच उघडायचा, आणि दुखणं तिथंच पळायचं. काखेत कळसा नि गावाला वळसा. सुभाष हसत सुटला, मीही हसले, आणि हातातल्या प्लॅस्टिकसकट वर पाहिलं तर बाजूच्या आरशात अण्णांचे डोळे होते. ही गाडी त्यांनी आमच्याहून जास्त वर्षं ओळखली होती. तो आवाज त्यांना कुणी समजावून सांगायला नको होता. त्यांनी डोळे मिटले ते रोहा येईपर्यंत उघडले नाहीत.

"अण्णा, तुमचा काय दोष?" मी कितीदा म्हटलं. ज्याला उत्तर देता येत नाही त्याची समजूत तरी कशी काढायची? दुसऱ्या दिवशी ते अंगणात गेले नाहीत. मी प्लॅस्टिकला सुईनं भोकं पाडली, सुतळीसकट त्यांच्या उशाशी ठेवलं, खुणा करून दाखवलं. त्यांनी ते हातात घेतलं, भोकांवरून अंगठा फिरवला आणि परत माझ्या हातात दिलं.

आता गाडी विकायची भाषा कुणी करत नाही. ती कुठेही थांबत नाही. खिडकीशी अण्णा बसतात, डावा हात मांडीवर पडलेला असतो. परवा रोह्याला जाताना निडी जवळ आली तसे माझे कान इंजिनाकडे लागले. एकदा थांब ग बाई, ती गाठ नसतानाही थांब, मी मनात म्हणत होते. शेतं मागे गेली, निडी मागे गेली, गाडी धावतच राहिली, आणि मला रडू आलं.