तो पोशाख तरंगत नव्हता

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. आईला नाही, आणि जिच्यापाशी माझ्या पोटात काही राहत नाही त्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — म्हणजे हाही एक भित्रेपणाच झाला, नाही का? असू दे. सांगते.

मी जालन्यात बायकामुलींना पोहायला शिकवते. शाळांच्या शर्यतींना पंच म्हणूनही मला बोलावतात, कारण नियमांच्या बाबतीत मी नाकाने कांदे सोलणारी. मागच्या वर्षी आमच्या पालकांच्या ग्रुपवर वाद पेटला. कुणीतरी मुलासाठी वेटसूट मागवला होता आणि तो घालून तलावातल्या शर्यतीत उतरू द्यावं, असं त्यांचं म्हणणं होतं. मी भलामोठा मेसेज लिहिला. वेटसूटचं रबर फुगीर असतं, आत हवेचे बारीक बुडबुडे असतात, ते अंगाला वर उचलून धरतं. ज्याचे पाय खाली जातात त्याचेही पाय फुकटात वर राहतात. समुद्रात, गार पाण्यात ठीक आहे. पण जालन्यात, मे महिन्यात, तलावाच्या पाण्यात थंडी कुणाला वाजते? आपल्याकडे विहिरीत शिकताना तरंगायला पाठीला रिकामा डबा बांधतात. आता डबा बांधून शर्यत लावायची का?

तीसेक अंगठे आले. 'मॅडम, एकदम बराबर,' असंही कुणी लिहिलं. मला त्या अंगठ्यांकडे बघवेना. मी फोन उलटा ठेवला आणि भाजी निवडत बसले.

नियम बरोबरच आहे. आजही मी तेच म्हणेन. पण हाच नियम, आणि डब्याची हीच उपमा — पंधराव्या वर्षी मी एकदा वापरली होती. कशासाठी, ते अजून माझ्या तोंडातून निघत नाही. आधी कांचनबद्दल सांगते.

कांचन घनसावंगीकडची. शाळेसाठी जालन्यात मावशीकडे राहायची. मामाच्या विहिरीत पोहायला शिकलेली. तिसऱ्या दिवशीच मामाने पाठीचा डबा सोडून घेतला होता म्हणे. मी फी भरून शिकलेली. माझ्याकडे चष्मा होता, टोपी होती, शिकवायला सर होते. आणि तरी ती माझ्या पुढे. फार नाही, हातभर. पण दर वेळी. आम्ही मैत्रिणी होतो — हा शब्द लिहायची मला लाज वाटते, पण होतो.

तिच्या पाठीवर आणि मांड्यांवर कोडाचे पांढरे डाग होते. हे तिच्या घरच्यांखेरीज फक्त मला माहीत होतं. एकदा कपडे बदलताना मी पाहिलं, तेव्हा तिने माझा हात घट्ट धरून मला शपथ घातली. तिच्या आईला लग्नाची धास्ती. आणि तलावावर कळलं असतं, तर आपल्या पोरींना तिच्यासोबत पाण्यात उतरू न देणाऱ्या आया होत्याच. म्हणून मावशीने, ती ब्लाउज शिवायची, ताणल्या जाणाऱ्या काळ्या कापडाचा दुहेरी पोशाख शिवून दिला. मानेपासून घोट्यापर्यंत.

एकदा गंमत म्हणून मी तो घातला. दुपारची वेळ, तलाव रिकामा. उडी मारली आणि दोन कापडांच्या मधे पाणी साचलं, ओल्या गोधडीसारखं अंग खाली ओढायला लागलं. एका फेरीत मला धाप लागली. कांचन काठावर बसून खिदळत होती. "रोज हेच घालून पोहून राह्यले मी, बाई!"

म्हणजे मला माहीत होतं, हे लक्षात घ्या. तो पोशाख तिला मदत करत नव्हता, अडवत होता. आणि अडवूनसुद्धा ती हातभर पुढे होती. तेच मला सोसलं नाही का? मला वाटतं, तेच.

मग जिल्ह्याच्या शालेय शर्यती आल्या. पहिली येईल ती एकटी विभागाच्या शर्यतीला जाणार होती. माझ्या वडिलांनी ऑफिसात आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. सकाळच्या फेरीत कांचन पहिली आली, मी दुसरी. तेवढ्यात एका पालकाने हरकत घेतली की पोरीच्या अंगात रबरी सूट आहे, बाहेरदेशातला. ते पालक माझे वडील नव्हते. असते तर निदान दोष वाटून घेता आला असता.

मुख्य पंच वयस्क होते, भले गृहस्थ. त्यांनी कांचनची बाही चिमटीत धरून पाहिली. ओलं, जाड, काळं कापड. त्यांना काही उमगेना. सगळ्यांसमोर ते म्हणाले की साधं कापड असेल तर अंगभर असलं तरी आपण चालवून घेऊ, रबर असेल तर नाही. हिच्यासोबत सराव कोण करतं, असं त्यांनी विचारलं. कांचननेच माझ्याकडे बोट केलं. मी दिसल्यावर तिच्या चेहऱ्यावरची भीती गेली, ते मी पाहिलं.

पंचांनी मला टेबलाच्या मागे, बाजूला नेलं. "खरं सांग पोरी. तू कधी घालून पाह्यलंस का ते? तरंगतं का?"

एवढंच विचारलं त्यांनी. 'न्हाई' म्हणायला कितीसा वेळ लागतो?

"हो सर," मी म्हणाले. "पाय आपोआप वर येतात. डबा बांधल्यावानी."

डब्याचं मला कुणी विचारलं नव्हतं. ते मी स्वतःहून जोडलं, त्यांना चटकन पटावं म्हणून. आणि त्यांना पटलं.

त्यांनी निकाल दिला — साधा कॉश्च्यूम घालून यायचं आणि अर्ध्या तासाने अंतिम शर्यतीत पोहायचं. त्यांच्या मते ही सवलत होती. ते शक्य नाही हे तिथे फक्त दोघींना ठाऊक होतं, तिला आणि मला.

इथे थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण मी माझ्या बॅगेतला जादा कॉश्च्यूम काढला आणि सगळ्यांदेखत तिच्यापुढे धरला. घे ना, माझा घे. केसाने गळा कापणं म्हणतात, ते हेच. आजूबाजूच्या बायका म्हणाल्या, किती गुणाची पोरगी. कांचनने तो हातात घेतला, नीट घडी घातली आणि मला परत दिला. मग अंगातून पाणी निथळत असताना ती बाकावर बसली, शर्यत संपेपर्यंत. मी पहिली आले. माझी वेळ तिच्या सकाळच्या वेळेपेक्षा जास्त होती.

विभागाला माझा शेवटून दुसरा नंबर आला. ते सांगून मी सुटत नाही, हे मला कळतं.

त्यानंतर कांचन तलावावर आली नाही. तिच्या मावशीचं घर दोन गल्ल्या सोडून होतं; मी एकदाही गेले नाही, उलट शाळेला लांबच्या रस्त्याने जाऊ लागले. दहावीनंतर ती गावी गेली आणि मला — हेही सांगितलंच पाहिजे — हायसं वाटलं.

या उन्हाळ्यात ती तलावाच्या फाटकात उभी दिसली. आता डाग चेहऱ्यावर, हातांवरही आहेत. अर्ध्या बाह्यांचा ड्रेस घालते, काही लपवत नाही. शिक्षिका आहे, नुकतीच बदली होऊन जालन्यात आली आहे. सोबत आठ वर्षांची मुलगी होती. वाटलं, आता ही सगळ्यांसमोर मला विचारणार. पण कांचन हसली आणि मुलीला पुढे करून म्हणाली, "हीच ती मावशी. मी गप बसल्ते, आन् ही टेबलामागं जाऊन माझ्यासाठी सरांशी भांडत होती. वरून स्वतःचा कॉश्च्यूम देऊन राह्यली होती." मग मला म्हणाली, "त्या दिवसानंतर मी पाण्यात पाय न्हाई घातला गं. पण पोरीला तुझ्याच हाती द्यायचं, हे ठरवल्तं."

वीस वर्षं ती असं समजत होती. तेव्हा, त्या फाटकात, सांगता आलं असतं. ती समोर होती, मला घाई नव्हती, कुणी अडवलं नव्हतं.

मी म्हणाले, "अगं, त्यात काय एवढं!" आणि मुलीचं नाव वहीत लिहून घेतलं.

मुलगी छान पोहते. रोज सकाळी साडेसहाला येते, पाण्यात उतरायच्या आधी मला 'मावशी' म्हणून हाक मारते, आणि मी ओ देते.