गच्चीवरचा काढा

गेल्या थंडीत आमच्या मांजर्लीच्या इमारतीत माझ्या गरम वाइनची फार तारीफ व्हायची. पुण्याला नणंदेकडे एकदा प्यायले, कृती विचारून घेतली आणि मग सुट्टीच्या संध्याकाळी करायला लागले. लाल वाइन मंद आचेवर ठेवायची, त्यात दालचिनी, लवंगा, चक्रफूल, संत्र्याची साल, थोडा गूळ. उकळू द्यायची नाही. वाफ धरली की गॅस बंद आणि मग वरून जिन. मसाला उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानातून आणायची. दुकानदार विचारायचा, "मॅडम, रोज बिर्यानी?" मी हसून हो म्हणायची.

जानेवारीतल्या एका शनिवारी संध्याकाळी आम्ही चार-पाच घरं गच्चीवर जमलो होतो. नदीकडून गार वारा येत होता. मी पातेलं टॉवेलात गुंडाळून वर नेलं. जिन जरा सढळ हातानेच घातली होती. सगळे वा वा करत होते आणि मला ते आवडत होतं.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे काका वाळत घातलेली चादर न्यायला आले. अंबरनाथच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले, अगदी कमी बोलणारे. पार्टीबिर्टीत ते कधी नसायचे, म्हणून आम्ही त्यांना सोवळ्यातले समजायचो. वास आला तसे थांबले.

"काय केलंस गं? लवंगेचा वास येतोय."

"काढा आहे काका, थंडीचा. घ्या ना," मी म्हटलं आणि बाकीच्यांकडे बघून डोळा मारला.

काकांनी फुंकर घालून एक घोट घेतला. कप दोन्ही हातांत धरून नुसतेच उभे राहिले. मग तो टाकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि चादर न घेताच खाली गेले.

"काका बाटले," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसले.

थोड्या वेळाने मला चुटपुट लागली. चादर घडी करून मी जिन्याने खाली गेले. काकू स्वतःच्या दाराबाहेर पायरीवर बसल्या होत्या. दाराला बाहेरून कुलूप होतं आणि किल्ली त्यांच्या मुठीत.

"काकू, बाहेर का बसलात?"

"त्यांनीच सांगितलं. कुलूप लाव, आणि मी कितीही मागितली तरी किल्ली देऊ नकोस म्हणाले." काकूंनी चादर मांडीवर घेतली. "मुलगी शाळेत होती तेव्हा सोडली होती त्यांनी. आता तिचा मुलगा शाळेत जातो."

मी त्यांच्या शेजारी बसले. "मला खरंच माहीत नव्हतं."

"कसं असणार? आम्ही इथे कुणालाच सांगितलं नाही. लाज वाटायची."

आतून काकांनी दार वाजवलं. "कोण आहे?"

"कुणी नाही," काकू म्हणाल्या.

मग काकांनी किल्ली मागितली. आधी हळू, समजावणीच्या सुरात. मग आवाज चढला, आणि त्या शांत माणसाच्या तोंडून असे शब्द आले की काकूंनी मान खाली घातली. "तू जा आता," त्या म्हणाल्या. "तुझ्यासमोर नको."

मी वर गेले. काय झालं म्हणून सगळे विचारू लागले. मी एवढंच म्हटलं, की खाली जाताना जिन्याने जाऊ नका, लिफ्टने जा.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुलूप निघालं होतं. त्यानंतरच्या सकाळी दूध आणायला गेले तर गेटपाशी काका समोरच आले. दाढी केलेली, स्वेटर घातलेला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने थांबवलं.

"तू वाईट वाटून घेऊ नकोस. लवंगेच्या वासाखाली काय आहे, ते मला जिन्यातच कळलं होतं. तरी वर आलो, तरी कप घेतला."

ते खरं बोलत होते, की मला मोकळं करायला तसं म्हणाले, हे मला आजही माहीत नाही. तेव्हा विचारायचं धैर्य झालं नाही. मी मान वर करून त्यांच्याकडे बघूसुद्धा शकले नाही.